वाचणाऱ्यांची रांग

आमच्या गावात सरकारचा माणूस कागद-पेन घेऊन बसला, की लोक आधी रांगेत उभे राहतात आणि मग पुढच्याला विचारतात, कशाची यादी चाललीय म्हणून. यात मी कुणाला नावं ठेवत नाही. दुष्काळानं लावलेली सवय आहे ती. टँकरची यादी, चारा छावणीची यादी, बियाण्याची यादी. ज्याचं नाव राहिलं तो राहिलाच. पण या सवयीनं त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्याचं जे दही केलं, ते आठवलं की अजूनही हातातलं काम बाजूला ठेवावंसं वाटतं.

मी महादेवी. गावचं सार्वजनिक वाचनालय चालवते. चालवते म्हणजे झाडते, पुस्तकं देते आणि वेळेत परत आली नाहीत तर घरी जाऊन भांडते. वाचनालयाची खोली म्हणजे आमच्या किराणा दुकानाचाच अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात भाऊ दुकान चालवतो. वाचनालय काढलं ते आमच्या वडिलांनी, मन्मथप्पांनी, आणि दुकानाची रीत त्यांनी तिकडेही लावली. पुस्तक द्यायचं ते रद्दी पेपरात गुंडाळून, सुतळीनं बांधूनच. डाळ असो की कादंबरी, पुडा सारखा. लोक हसायचे. आप्पा म्हणायचे, "कुणाच्या घरात काय चाललंय ते दुकानदाराला कळतंच. कळलं तरी बोलायचं नसतं." कोणती बाई कसलं औषध नेते हे त्यांनी कधी आईलासुद्धा सांगितलं नाही. मी अजून तसाच पुडा बांधते आणि आप्पांचीच दुहेरी गाठ मारते. ती ओढून सुटत नाही, नीट बसून सोडवावी लागते.

दोन हजार तेराचा तो उन्हाळा. विहिरींचे तळ दिसत होते आणि अर्धं गाव जनावरं घेऊन छावणीत राहायला गेलं होतं. छावणी चालवत होती गावची सहकारी दूध संस्था, आणि संस्थेचे अध्यक्ष मोहनराव. वाचनालयाचे अध्यक्षही तेच. आमच्याकडे अध्यक्ष व्हायला माणसं कमी आहेत असं नाही, पण मोहनराव असताना दुसऱ्याला खुर्ची कशाला, असा सगळ्यांचा हिशोब.

त्या छावणीत सत्यभामा होती. नवरा धर्मराज पुण्याकडे बांधकामावर गेलेला, आणि ही सासूला, बायनाबाईला, घेऊन दोन बैल आणि एका गाईजवळ नेटच्या सावलीत राहत होती. माहेरच्या घरात दहावी पास झालेली पहिली मुलगी. माझ्याकडून नेलेलं पुस्तक तिनं न वाचता परत केलं असं एकदाही झालं नाही, आणि हे मी गावातल्या एकाही पदवीधराबद्दल म्हणू शकत नाही. त्या उन्हाळ्यात तिनं सहकारी संस्थांच्या कायद्याचं पुस्तक नेलं होतं आणि पुन्हा पुन्हा तेच वाढवून घेत होती. का, ते मी विचारलं नाही. एकदा तिनंच विचारलं, "आक्का, कलम म्हंजी नेमकं काय आसतंय?" मी सांगितलं. कळायचं ते मला तेव्हाच कळलं.

मग एका सकाळी मोहनरावांच्या जीपमधून बीडचे एक साहेब उतरले. मागोमाग हवालदार शहादेव. साहेबांनी आपलं खातं सांगितलं, पण इतकं भरभर की मला फक्त 'चौकशी' एवढंच ऐकू आलं.

"सहकार कायद्याचं पुस्तक आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"बघू."

"बाहेर गेलंय."

"कोणाकडे?"

"वाचणाऱ्याकडे," मी म्हटलं.

साहेबांनी फाइल उघडून एक कागद वर धरला. छावणीविरुद्धचा निनावी अर्ज होता. चारा मापात कमी मिळतो, आणि कागदावर जनावरं दाखवलीत तेवढी दावणीला नाहीत, असा. प्रत्येक तक्रारीपुढे कलम घातलेलं. हातानं लिहिलेला, गोल गोल टपोऱ्या अक्षरात. ते अक्षर मी दुरूनही ओळखलं असतं. पुस्तकात ठेवलेल्या चिठ्ठीवर ते कितीदा यायचं, 'आक्का, ह्याचा दुसरा भाग असेल तर ठेवा' म्हणून.

"ही कलमं कुणी तोंडपाठ लिहिलेली नाहीत," साहेब म्हणाले. "पुस्तक समोर ठेवून लिहिलीत. आणि या भागात ते पुस्तक तुमच्याकडेच आहे. कोणी कोणी नेलं, तेवढं रजिस्टर दाखवा. अर्जदाराचा फक्त जबाब घ्यायचाय."

"ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे, त्यांच्याच जीपमधून जबाब घ्यायला आलात?"

साहेबांना राग आला, पण हसून म्हणाले, "बाई, वाचनालयात कसलं आलंय गुपित?"

"गुपित नाही ना? मग लिहून आणा. अमुक पुस्तक कोण वाचतं ते सांगा, असं सरकारच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. तोवर रजिस्टरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे."

ते गेले आणि दुपारच्या आत मोहनरावांचा फोन आला. "महादेवी, कावून ताणती उगं? एक नाव तर सांगायचं हाय. वाचनालयाच्या अनुदानाच्या कागदावर माझी सही लागती, ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, ध्यानात आहे, आणि फोन ठेवला. मग भिंतीशीच पुटपुटत बसले. एवढी वर्षं गावाला वाचा वाचा म्हणून सांगायचं, आणि एकीनं खरंच वाचलं तर तिलाच शोधत जीप येते.

ऊन उतरायच्या आत मी छावणीत गेले. बघते तर सत्यभामा मध्ये बसलेली, भोवती पाच-सहा बाया, आणि ही ते कायद्याचंच पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवतेय. शेजारची छबुबाई शेणानं माखल्या हातानं तशीच उभी राहून विचारत होती, "मंग त्या सभासदानं दप्तर मागितलं, तर दावावंच लागतंय का?" एखाद्या गोष्टीत पुढं काय झालं विचारावं तसं. आणि बायनाबाई सुनेकडे अशी बघत होती, की जणू ते पुस्तक सुनेनंच लिहिलंय. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला भरून आलं असतं. त्या दिवशी नुसता संताप आला.

मी सत्यभामेला दावणीपलीकडे ओढून नेलं. "अगं, गावजेवण घातल्यासारखं काय वाचत बसलीस? साहेब आलेत बीडहून. तुझा अर्ज त्यांच्या फाइलीत आहे. अक्षर आहे तुझं त्यांच्याकडे."

तिचा चेहरा उतरला. "जनावरं काढतील का आक्का?"

"कळलं तर ठेवतील का?"

"मी तोंडानं इचारलं हुतं आधी. चारा मोजून द्या म्हनलं, तर म्हनले गुमान घ्या, न्हाईतर दावं सोडा." ती गाईकडे बघत होती. गाईच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या. "घरी नेऊन काय घालू त्यांला? कडबा न्हाई, पानी न्हाई. धर्मराज येईस्तोवर इकावी लागतील. ती बी कसायालाच."

"म्हणून सांगते. उद्या ते पुस्तक गुपचूप आणून दे, आणि तोंड बंद ठेव. माझ्या कपाटातून तुझं नाव बाहेर जाणार नाही."

हे मी मोठ्या ऐटीत म्हटलं. कपाट माझ्या ताब्यात होतं ना. गावाची तोंडं कुठं होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर वाचनालयासमोर रांग. साधीसुधी नाही, पार मारुतीच्या देवळापर्यंत. प्रत्येकाच्या हातात रेशन कार्डाची झेरॉक्स, कुणाकडे फोटो, कुणाकडे बँकेचं पासबुक. सगळ्यांत पुढे चहाच्या टपरीचा रामहरी, ज्यानं शाळा सुटल्यापासून पुडीच्या कागदापलीकडे काही वाचलेलं नाही.

"आक्का, आपलं नाव पहिलं," तो म्हणाला.

"कशात?"

"वाचणाऱ्यांत. शहादेव हवालदार काल चहाला आलता. इचारत व्हता, गावात वाचणारी मानसं कोन कोन, कायद्याचं पुस्तक कुनी वाचलंय. अनुदान हाय म्हणं वाचणाऱ्यांला."

"अनुदान आहे असं तो म्हणाला?"

"म्हनायला कावून पाहिजे? बीडहून मानूस फुकट येतोय व्हय?"

"तू काय वाचलंस रे, रामहरी?"

"कायद्याचंच की. तुमी सांगाल ती पानं वाचली म्हणतो."

माझी अडचण अशी, की खरं सांगायची सोय नव्हती. अनुदान नाही, चौकशी आहे म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न, कशाची? छावणीची म्हटलं, की कुणी केली तक्रार? आणि मग रांगेतली सगळी तोंडं एकाच दिशेला वळली असती, कारण छावणीत पुस्तक घेऊन बसणारी बाई एकच. म्हणून मी नुसती ओरडत राहिले, घरी जा, काही मिळणार नाही. लोकांना वाटलं, आक्का आपल्या भावकीची नावं आधी घालतेय. रांग आणखी दाटली.

साहेब आले. "लेखी आणलंत?" मी विचारलं.

"येईल वरून," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी ओट्यावर टेबल मांडायला लावलं. लेखी कुणी देणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून रजिस्टर सोडून ते गावालाच विचारायला आले होते. आणि गाव समोर आयतं उभं होतं, नावं सांगायला उतावीळ. साहेबांना हर्ष झाला. भराभर लिहून घेऊ लागले. रामहरीनं आपलं, बायकोचं आणि पाळण्यातल्या नातवाचंही नाव घातलं.

तेवढ्यात रांगेत मला बायनाबाई दिसली. मी पुढे होईपर्यंत ती टेबलापाशी पोचली होती. "माझं न्हाई सायेब. मला कुठलं येतंय? सुनेचं लिव्हा. सत्यभामा धर्मराज. लई वाचती. छावणीत समद्यांला वाचून दावती." म्हातारीच्या आवाजात इतका अभिमान होता, की तिथंच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. किल्ली माझ्या कमरेला होती, कपाट बंद होतं, आणि नाव साहेबांच्या कागदावर गेलंसुद्धा.

साहेबांचं मात्र तेव्हा त्या नावाकडे नीट लक्ष नव्हतं. मागचे रेटत होते, आणि एकच पुस्तक सगळ्या गावानं वाचलेलं ऐकून त्यांचा उत्साह उतरत चालला होता. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उठून उभे राहिले. "इथं कसलंही अनुदान वाटप नाही. छावणीविरुद्ध खोटी तक्रार झाली आहे. ती ज्यानं केली त्यानं हे पुस्तक वाचलंय. त्या माणसाला आम्ही शोधतोय."

पहिला रामहरी म्हणाला, "सायेब, आमची झेरॉक्स तेवढी द्या." आणि एकच गलका उठला. माझं खोडा, त्याचं खोडा, आमच्या घरात कुणी वाचत न्हाई, आमच्या सात पिढ्यांत कुणी वाचलं न्हाई. ज्या ओट्यावर आप्पांनी वाचनालयाची पाटी लावली होती, त्या ओट्यावर माझं गाव शपथेवर सांगत होतं की इथं कुणी वाचत नाही.

साहेब मोठे हुशार निघाले. त्यांनी शहादेवला कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढायला सांगितला. "नाव खोडायचं तर प्रत्येकानं आपल्या हातानं लिहून द्यायचं. 'मी सहकार कायद्याचे पुस्तक वाचलेले नाही.' खाली सही." फाइल उघडून त्यांनी निनावी अर्ज टेबलावर ठेवला, आणि त्यांचा डाव मला कळला. त्यांना कबुलीजबाब नको होता, अक्षर पाहिजे होतं. लोक खुशाल लिहायला बसले. ज्यांनी जन्मात पुस्तक धरलं नव्हतं ते लांबलचक सह्या ठोकत होते, आणि साहेब एकेक कागद अर्जाशी लावून बघत होते.

नेमकी तेव्हाच सत्यभामा आली. मी सांगितलं होतं म्हणून आली होती, पुडा काखेत धरून. गर्दी बघून थबकली. परत फिरली असती, पण साहेबांनी यादीवरचं नाव पुकारलं आणि चार जणांनी सवयीनं तिच्याकडे बघितलं.

"तुम्हीच ना सत्यभामा?" साहेब म्हणाले. "या. मघाशी कुणीतरी म्हणालं, तुम्ही छावणीत वाचून दाखवता."

सत्यभामेनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत बायनाबाई पुढे झाली. तिला काय कळलं आणि कधी कळलं, मला माहीत नाही. पण ती टेबलावरच्या अर्जाकडे बघत होती. अक्षर न कळणाऱ्या बाईलाही सुनेच्या अक्षराचं वळण माहीत असणार. रोज तर बघायची.

"म्याच म्हनलं सायेब," ती म्हणाली. "अनुदानासाठी मानूस काय बी म्हनतंय. ह्या रामहरीनं पाळण्यातल्या नातवाचं लिव्हलंय. हिला कुठलं येतंय वाचाया? अंगठेबहाद्दर हाय."

"लिहिता येत नाही?"

"अंगठा लावती."

साहेबांनी गर्दीकडे बघितलं. "खरं का हो?"

रांगेतल्या निम्म्या बायांनी छावणीत तिच्या तोंडून कलमं ऐकली होती. पुरुषांनाही ठाऊक होतं. सत्यभामा कोण, हे न कळणारा तिथं साहेब आणि शहादेव सोडून कुणी नव्हता. माझा गावावरचा विश्वास सकाळीच उडाला होता, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"कुठलं वाचती सायेब," छबुबाईचा आवाज आला. "येष्टीचा बोर्ड बी मला इचारती."

"नवऱ्याचं पत्र आलं तर माझ्या टपरीवर येती की वाचून घ्यायला," रामहरी म्हणाला. "उलटं धरून येती." लोक हसले. मग दुसऱ्यानं काही जोडलं, तिसऱ्यानं आणखी काही, आणि हसू वाढत गेलं. हे सगळं तिला वाचवायला चाललं होतं, हे मला कळत होतं. तिलाही कळत असणार. तरी तिचे कान लाल झाले होते आणि मान खाली गेली होती. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिच्या बापानं गावात पेढे वाटले होते, हे ती मला कितीदा सांगायची.

शहादेवनं शाईचा पॅड पुढे केला. तिनं हात पुढे केला नाही. बायनाबाईनं तिचं मनगट धरून तो टेबलावर ठेवला, आणि अंगठा लावणं या बाईला सवयीचंच, अशा थाटात शहादेवनं तिचा अंगठा धरला, पॅडवर दाबला आणि कागदावर या अंगापासून त्या अंगापर्यंत फिरवला. वर शहादेवनंच लिहिलं होतं, 'मी वाचलेले नाही.' ते वाक्य तिनं वाचलं. तिचे डोळे शब्दांवरून सरकताना मला दिसले, आणि मी देवाला म्हटलं, आता साहेबाला ते दिसू देऊ नकोस.

"पुड्यात काय आहे?" शहादेवनं विचारलं.

"साबणाच्या वड्या," मी म्हटलं. "आमच्या दुकानातल्या. बदलून द्यायच्यात." मी तो तिच्या काखेतून ओढून घेतला आणि भावाच्या दुकानात नेऊन खरोखरच साबणाच्या फळीवर ठेवला. आप्पा असते तर हसले असते. मला हसू आलं नाही.

साहेब कागदांचा गठ्ठा घेऊन गेले. कुणाचंच अक्षर जुळलं नाही. पुढे काही दिवस छावणीत चारा काटा लावून मिळाला, गाईच्या अंगावर जरा तेज आलं, मग माप पुन्हा होतं तिथं गेलं. माझ्या कपाटाची किल्ली शेवटपर्यंत कुणी मागितली नाही. वाचनालयात मात्र माणूस फिरकेना. वर्तमानपत्र चाळायला येणारे म्हातारेही लांबून जात. रामहरीला विचारलं तर म्हणाला, "आक्का, आमी वाचत न्हाई म्हणून लिव्हून दिलंय. उद्या कुनी बगितलं तर?"

एका दुपारी बायनाबाई आली. खांद्यावरच्या गोणपाटात जळणाच्या दोन शेण्या होत्या. "एक पुस्तक दे," ती म्हणाली.

"कुणाच्या नावावर लिहू?"

"कुनाच्याच न्हाई. आमच्यात कुनी वाचत न्हाई." ती ओट्यावर टेकली. "पोरगी बोलंना झालीय माझ्याशी. भाकरी करती, चारा टाकती, पर तोंडातून शब्द न्हाई. रातच्याला बाया येऊन बसत्यात, वाट बगत्यात, अन् उठून जात्यात. मी काय वाईट केलं का, महादेवी?"

"नाही," मी म्हटलं. "तू होतीस म्हणून गाय राहिली."

"मंग दे चांगलं बघून. ज्याच्यात भांडन असंल आसं. तिला लई आवडतंय."

मी रजिस्टर उघडलंच नाही. एक जाडशी कादंबरी निवडली, सत्यभामेनं चिठ्ठीत मागितलेला तो दुसरा भाग. पेपरात गुंडाळली, सुतळी फिरवली, आप्पांची गाठ मारली. बायनाबाईनं पुडा गोणपाटात घातला आणि वर त्या शेण्या ठेवल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती तो परत घेऊन आली. माझ्यासमोर ठेवला. पेपर जरा मळला होता, शेण्यांचा वास येत होता. सुतळीवरची गाठ मी मारली होती तशीच होती.

"म्हनली, अंगठा दिलेल्या बाईला पुस्तक कशाला," बायनाबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मला तिचा राग आला, साहेबाचा आला, मोहनरावांचा आला, हसणाऱ्या माणसांचा आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. मी पुडा पुन्हा तिच्या गोणपाटात घातला. "घेऊन जा," मी म्हटलं. "तिच्या उशाशी ठेव. मला परत नको."